गळती आम्ही बुजवली, आता बिलाचं बोला

पाणी वाचवा असं सांगणाऱ्यांची मुंबईत कधीच कमतरता नसते. मे महिना लागला की तलावांत किती टक्के साठा उरलाय याचे आकडे रोज फोनवर येऊन पडतात. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात झाली, तेव्हाही आपल्याला नेहमीची यादी ऐकवली गेली. दात घासताना नळ बंद ठेवा, गाडी पाइपनं धुऊ नका, शॉवरऐवजी बादली वापरा. यादी चुकीची नाही. पण तिच्यात एक माणूस कुठेच दिसत नाही. ज्यानं गळता पाइप शोधला, फरशी उखडली, प्लंबरला पैसे दिले, दोन दिवस सगळ्या मजल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि रोजचं हजारो लिटर पाणी थांबवलं, तो माणूस. त्याच्या हातात शेवटी पडतं ते फुगलेलं बिल.

या बिलाबद्दल बोलायचंय. गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना ते चांगलं ओळखीचं आहे. माझं म्हणणं सोपं आहे: घरातली किंवा इमारतीतली गळती ज्यानं दुरुस्त केली, त्याला त्या काळातल्या जादा बिलात सूट मिळाली पाहिजे. ती साहेबांच्या मर्जीवर नको, अर्जविनंत्यांवर नको. ठरलेल्या सूत्रानं, ठरलेल्या दिवसांत, हक्क म्हणून मिळाली पाहिजे.

ही सूट म्हणजे फुकट पाणी नव्हे. जे पाणी मीटरमधून गेलं त्याची मूळ किंमत भरायला माझी हरकत नाही. ते पाणी शंभर किलोमीटरवरून आणलं, भांडुपला शुद्ध केलं, त्याला खर्च आला. हरकत आहे ती त्यावर चढणाऱ्या दोन गोष्टींना. त्या कळायच्या तर आधी थोडं गणित करावं लागेल.

बिल फुगतं कसं

मुंबईत पाणीपट्टी टप्प्याटप्प्यानं वाढते. माणशी दिवसाला १५० लिटरपर्यंत मूळ दर. १५० ते २०० लिटरच्या टप्प्यात दुप्पट, २०० ते २५० मध्ये तिप्पट आणि त्यापुढे चौपट. शिवाय पाणीपट्टीच्या ७० टक्के मलनिस्सारण आकार, म्हणजे तुम्ही वापरलेलं पाणी गटारातून वाहून नेण्याचे पैसे.

आता दादरमधली एक इमारत धरा. २० बिऱ्हाडं, ८० माणसं. एरवी दिवसाला ११,००० लिटर पाणी लागतं. जमिनीखालच्या टाकीकडे जाणारा पाइप फुटला आणि रोज ८,००० लिटर मातीत मुरायला लागलं. मीटरवर आता दिवसाला १९,००० लिटर दिसतात. इमारतींतल्या घरांचा दर हजार लिटरला सहा रुपयांच्या थोडा वर आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण सरळ सहा धरू.

गळतीआधी: ११,००० लिटरचे रोजचे ६६ रुपये. गळतीनंतर: पहिल्या १२,००० लिटरचे ७२ रुपये, पुढच्या ४,००० चे दुप्पट दरानं ४८, त्यापुढच्या ३,००० चे तिप्पट दरानं ५४. एकूण १७४. दोन्हींवर मलनिस्सारणाचे ७० टक्के चढवा आणि ९० दिवसांनी गुणा. आधीचं तिमाही बिल होतं सुमारे १०,१०० रुपये. आता येतं सुमारे २६,६००. पाणी पावणेदोनपट झालं, बिल अडीचपटीच्या वर गेलं.

या साडेसोळा हजारांच्या वाढीत दोन भाग नीट बघा. पहिला, टप्प्यांचा. हे चढते दर उधळपट्टी करणाऱ्यासाठी आहेत. ज्याच्याकडे रोज तीन गाड्या धुतल्या जातात, जो पाण्याची किंमत ओळखत नाही, त्याला चिमटा बसावा म्हणून ते आहेत. धोरण म्हणून मला ते मान्य आहे. पण फुटलेला पाइप म्हणजे उधळपट्टी नव्हे. त्या ८० माणसांनी एक तांब्याही जास्त वापरलेला नाही. उलट टाकी लवकर रिकामी व्हायला लागली म्हणून त्यांनी कमीच वापरलं असेल. तरी मीटरच्या लेखी ते उधळे ठरले.

दुसरा भाग मलनिस्सारणाचा. वरच्या उदाहरणात वाढलेल्या बिलातले सुमारे ६,८०० रुपये या आकाराचे आहेत. जे पाणी जमिनीत मुरलं ते गटारात गेलंच नाही. त्यासाठी पंपिंग स्टेशन चाललं नाही, त्याच्यावर कुठे प्रक्रिया झाली नाही. जी सेवा दिलीच नाही तिचे पैसे घेतले गेले. संडासातला फ्लश गळत असेल तर गोष्ट वेगळी, ते पाणी मलवाहिनीत जातं आणि त्याचा आकार लागला तर तक्रार करता येणार नाही. पण जमिनीखालच्या पाइपाच्या बाबतीत हा आकार घेणं म्हणजे न केलेल्या कामाची मजुरी घेणं आहे.

तुमचं दुर्लक्ष झालं, असं म्हणणाऱ्यांना

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: मीटरच्या पुढची गळती ही ग्राहकाची जबाबदारी, तुम्ही लक्ष द्यायला हवं होतं. जबाबदारी आपली आहेच. प्रश्न हा आहे की लक्ष द्यायचं कसं.

परदेशी व्हिडिओंत गळती शोधायची एक सोपी युक्ती सांगतात. रात्री सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा टिपा, सकाळी पुन्हा बघा. आकडा पुढे गेला तर कुठेतरी गळतंय. ही युक्ती गिरगावात चालत नाही, कारण इथे पाणी चोवीस तास येत नाही. ते दिवसातले काही तास येतं. खाली चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो, पाइपात दाब येतो, टाकी भरते, मग पाणी जातं. पाणी गेल्यावर मीटर थांबलेलाच असतो, गळती असो वा नसो. इथे दोन वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात. पाणी सुरू असताना टाकी भरून तिचा बॉल कॉक बंद झाला, तरी मीटरचा काटा फिरतोय का? फिरत असेल तर मीटर आणि टाकी यांच्यामधला पाइप गळतोय, किंवा बॉल कॉक नीट बसत नाही. आणि रात्री पंप बंद असताना गच्चीवरच्या टाकीची पातळी खडूनं खूण करून ठेवली, तर सकाळपर्यंत ती किती उतरली? न वापरता उतरली असेल तर गळती वरून खाली येणाऱ्या पाइपांत किंवा कुणाच्या तरी फ्लशमध्ये आहे.

हे कोण करणार? पाणी पहाटे साडेचारला येत असेल, मीटर तळमजल्याच्या जिन्याखाली, कुणाच्या तरी जुन्या सायकलींच्या मागे असेल, आणि बिल तीन महिन्यांनी येणार असेल, तर गळती समजायचं पहिलं साधन ते बिलच असतं. म्हणजे शिक्षेचा कागद हाती पडला की गुन्हा झाला हे कळतं. शहरात काही भागांत दुरून वाचता येणारे एएमआर मीटर बसवून बरीच वर्षं झाली. एखाद्या जोडणीचा रोजचा वापर अचानक दीडपट झाला, तर एक एसएमएस पाठवणं अवघड नाही. बँक शंभर रुपये कापले तरी कळवते. रोज आठ हजार लिटर जातायत हे कळवायला महापालिकेला तीन महिने का लागावेत?

तुम्ही तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना एकदा विचारून बघा: आपला पाइप फुटला, आपण दुरुस्त केला, तर जादा बिलाचं काय करायचं? अर्ज कुणाकडे, सोबत कुठले कागद, किती टक्के सूट, किती दिवसांत निकाल? बहुतेक काका खांदे उडवतील आणि ‘कुणी ओळखीचं आहे का बघू’ म्हणतील. मला खटकतं ते हेच. दरवाढीचं सूत्र मात्र सगळ्यांना पाठ आहे. दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत पाणीपट्टी वाढवण्याची मुभा २०१२ च्या धोरणानंच प्रशासनाला दिली. वाढवायला सूत्र पुरतं आणि कमी करायला ओळख लागते, असं का?

ओळख तरी कुणाची काढणार? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षांहून जास्त काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. २२७ नगरसेवकांपैकी एकही नव्हता. ज्यांच्या दारात बिल घेऊन उभं राहायचं ती दारंच बंद होती. लोकप्रतिनिधी असताना ओळखीनं आणि नसताना नशिबानं, अशी सूट कुणालाच नको.

पाइप कुणाचा, बिल कुणाचं

सोसायटी असेल तर निदान मालक ठाऊक असतो. लालबाग-परळच्या चाळींत आणि गिरगावच्या वाड्यांत तेही नाही.

इथे जलजोडणी बहुतेक वेळा घरमालकाच्या नावावर. तो किंवा त्याचे वारस कुठेतरी लांब राहतात, किंवा इमारत एखाद्या ट्रस्टची. भाडेकरू पागडीवर, दोन-तीन पिढ्यांपासून. मुंबईत भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली गेली ती १९४७ च्या कायद्यानं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ आकडाच इतका लहान की अजूनही अनेक खोल्यांचं महिन्याचं भाडं दोन वडापावांच्या आणि चहाच्या हिशेबात बसतं. एवढ्या भाड्यात मालक पाइप बदलणार नाही, हे त्याच्या बाजूनं समजण्यासारखं आहे.

कायदा काय म्हणतो? १९९९ च्या कायद्याचं कलम १४ सांगतं की घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्यानं नोटीस मिळूनही १५ दिवसांत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूनं ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा. वाचायला छान. पण पुढे अट आहे: वर्षभरात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. महिन्याला १०० रुपये भाडं असेल तर वर्षाचे १,२००, त्याचा चौथा हिस्सा ३०० रुपये. तीनशे रुपयांत आज प्लंबर फक्त बघायला येतो.

बरं, म्हाडाचं दुरुस्ती मंडळ? बेटावरच्या जुन्या इमारतींचे रहिवासी त्यासाठी उपकर भरतात आणि अशा उपकरप्राप्त इमारती हजारोंनी आहेत. पण ज्या मंडळापुढे मोडकळीला आलेले जिने आणि टेकूवर उभ्या गॅलऱ्यांची रांग आहे, त्यानं तुमच्या मोरीमागच्या पाइपासाठी पहिला धावून यावं अशी अपेक्षा कुणीच करत नाही.

मग चाळ काय करते? वर्गणी काढते. गणपतीची काढतो तशीच पाइपाचीही. खोलीमागे पाचशे, कुणी देतो, कुणी पुढच्या महिन्यात देतो म्हणतो, एका खोलीला कुलूप असतं. चाळीतलीच दोन पोरं प्लंबरबरोबर राबतात. पाइप बदलतो. पाणी वाचतं. आणि जादा बिल? तेही खोल्यांवर वाटून येतं. म्हणजे गळतीचे पैसे एकदा प्लंबरला दिले आणि दुसऱ्यांदा महापालिकेला.

म्हणून सूट द्यायची तर ‘जोडणी ज्याच्या नावावर त्यानं अर्ज करावा’ ही अट घालून चालणार नाही. तसं केलंत तर दक्षिण आणि मध्य मुंबईतला अर्धा भाडेकरू पहिल्याच पायरीवर अडकेल. ज्यांनी दुरुस्तीचा खर्च केला आणि जे बिल भरतात, त्यांना एकत्रित सही करून अर्ज करता आला पाहिजे. मालकाची सही हवी म्हणाल, तर मालक आधी शोधून द्या.

सोसायट्यांतही एक गोची आहे. आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा आकार प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार बघून वाटतात, प्रत्यक्ष वापर बघून नाही. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचा फ्लश सहा महिने गळत राहिला तर त्याचे पैसे सगळे मिळून भरतात, आणि ज्याचा फ्लश गळतोय त्याला स्वतःच्या खिशाला फारशी झळ लागत नाही. दुरुस्ती केल्यावर सोसायटीच्या बिलात सूट येणार असेल, तर सेक्रेटरीच्या हातात त्या सभासदाच्या मागे लागायला एक कारण येतं. ‘पंधरा दिवसांत फ्लश बदल, नाहीतर सगळ्यांची सूट जाईल’ हे वाक्य कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त काम करेल.

महापालिकेचा स्वतःचा मीटर

आता दुसऱ्या बाजूला वळू. ग्राहकाला लक्ष द्या म्हणणारी महापालिका स्वतःच्या पाण्याकडे किती लक्ष देते?

मुंबईला सात तलावांतून रोज साधारण ४,००० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी येतं. त्यातलं गळती आणि चोरी मिळून किती जातं, याचे आकडे वर्षानुवर्षं वेगवेगळे सांगितले जातात. ते सहसा एक चतुर्थांश ते एक तृतीयांश यांच्या मध्ये फिरतात. कमीत कमी धरला तरी तो रोजचा १,००० दशलक्ष लिटर होतो. निखिल आनंद या मानववंशशास्त्रज्ञानं मुंबईच्या पाणीव्यवस्थेवर ‘हायड्रॉलिक सिटी’ हे पुस्तक २०१७ मध्ये लिहिलं. त्यात गळतीवर मोठा भाग आहे, आणि नेमकं किती पाणी कुठे जातंय हे मोजणं अभियंत्यांनाही किती कठीण जातं ते त्यातून दिसतं. जमिनीखाली जुने पाइप, त्यांचे नकाशे अर्धे कागदावर आणि अर्धे जुन्या कर्मचाऱ्यांच्या डोक्यात, आणि पाणी काही तासच असल्यामुळे तपासणीही त्याच तासांत.

ही अडचण खरी आहे. मी तिची थट्टा करत नाही. रात्री रस्त्यावर लोखंडी रॉड कानाला लावून जमिनीखालच्या पाण्याचा आवाज ऐकणारे कामगार या शहरात आहेत आणि त्यांचं काम अवघड आहे. पण मग हीच सवलत ग्राहकालाही द्या. अभियंते, यंत्रं आणि अंदाजपत्रक हाताशी असलेल्या संस्थेला जमिनीखालची गळती सापडायला उशीर होतो, तर तळमजल्यावरच्या मावशींना ती पहिल्या दिवशी सापडायला हवी होती असं कसं म्हणता?

त्यातही एक गोष्ट जास्त बोचते. थकलेल्या पाणीबिलावर महिन्याला २ टक्के अतिरिक्त आकार लागतो. हा आकार माफ करणारी अभय योजना महापालिकेनं फेब्रुवारी २०२० मध्ये आणली आणि तिला पुढे मुदतवाढ दिली. मूळ बिल भरा, दंड माफ. मला त्या योजनेबद्दल आकस नाही. थकबाकीदारांत अडचणीतली माणसंही असतात आणि वसुली होणं शहराच्या फायद्याचं असतं. पण यातून एक तत्त्व महापालिकेनंच मान्य केलं: मूळ रक्कम मिळत असेल तर वरचा दंड सोडता येतो. मग ज्यानं बिल थकवलं नाही, पाइप दुरुस्त केला आणि शहराचं पाणी वाचवलं, त्याचा दंड का सोडता येत नाही? बिल न भरणाऱ्याला अभय आणि गळती बुजवणाऱ्याला तिप्पट दर, हा न्याय कुठला?

हे पाणी कुणाचं आहे

साडेसोळा हजार रुपये २० बिऱ्हाडांत वाटले तर घरामागे आठशेच्या आसपास पडतात. एवढ्यासाठी एवढा लेख कशाला, असं कुणी विचारेल. परळच्या नव्या टॉवरमध्ये आठशे रुपयांत एक पिझ्झा येतो. त्याच टॉवरच्या सावलीतल्या चाळीत निवृत्त गिरणी कामगाराच्या घरी आठशे रुपये म्हणजे जवळजवळ एक गॅस सिलिंडर. पण पैसे बाजूला ठेवले तरी गोष्ट तिथे संपत नाही.

तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचं पाणी मुंबईला १८९२ पासून येतंय. एकट्या भातसाचा आपल्या पाण्यात निम्म्याच्या आसपास वाटा आहे. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरनं पाणी पुरवावं लागतं. ज्यांच्या जमिनीवर धरणं आहेत त्यांच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात, आणि ते पाणी शंभर किलोमीटर वाहत येऊन गिरगावातल्या एका गल्लीखाली मातीत मुरतं.

एवढ्यावर थांबत नाही. शहराला पाणी पुरत नाही म्हणून आणखी धरण हवं. पालघर जिल्ह्यातल्या गारगाई प्रकल्पातून रोज ४४० दशलक्ष लिटर मिळावं अशी योजना आहे, त्यात जंगल बुडणार आणि गावं उठणार. मनोरीला समुद्राचं खारं पाणी गोडं करायचा प्रकल्प आखला आहे, सुरुवातीला २०० दशलक्ष लिटरचा. दोन्ही मिळून ६४०. आपण रोज गमावतो त्याच्यापेक्षा हे कमी आहे. सगळी गळती शून्यावर कुणीच आणू शकत नाही. पण गळती थांबवून मिळालेला प्रत्येक लिटर हा कुणाचं गाव न उठवता मिळालेला लिटर असतो.

मुंबईच्या राजकारणाला पाण्याची मागणी नवी नाही. मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटलं ते पाण्यासाठी लढल्या म्हणून. आजही मोर्चा निघतो तो पाणी आणा, वाढवून द्या, दाब वाढवा यासाठी. त्या मागण्या रास्त आहेत, विशेषतः जिथे नळच पोचलेला नाही तिथे. पण आलेल्या पाण्याचा हिशेब द्या, ते जपणाऱ्याच्या बाजूनं उभे राहा, यासाठी मोर्चा निघालेला फारसा दिसत नाही. धरणाचं उद्घाटन होतं, फलक लागतो, फोटो निघतो. बुजवलेल्या गळतीचं उद्घाटन करता येत नाही.

आणि आरोग्य? पाणी काही तासच येतं, तेव्हा उरलेले तास पाइप रिकामा आणि बिनदाबाचा असतो. त्यात भेग असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. जुन्या गल्ल्यांत पाण्याचा पाइप आणि मलवाहिनी शेजारीशेजारी आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पहिल्यांदा जे पिवळट पाणी येतं ते अशाच भेगांतून येऊ शकतं. पाणी बाहेर गळतं त्याच वाटेनं घाण आत येते. म्हणजे गळती बुजवणारी चाळ स्वतःला आजारापासूनही वाचवते.

सूट दिली तर लोक फसवतील?

दुसरी हरकत अशी की सूट ठेवली तर खोटी बिलं येतील, प्लंबर पन्नास रुपयांत कागद लिहून देतील, लोक निष्काळजी होतील.

ही भीती रास्त आहे आणि तिला उत्तर आहे. सूट प्लंबरच्या कागदावर द्यायचीच नाही, मीटरवर द्यायची. दुरुस्तीनंतरच्या तिमाहीत वापर पुन्हा खाली आला, तरच गळती होती आणि ती थांबली हे सिद्ध होतं. खोटा कागद आणता येईल, पण तीन महिने कमी फिरलेला मीटर खोटा आणता येत नाही. परवानाधारक प्लंबरचा दाखला आणि दुरुस्तीचे फोटो सोबत असू देत, पण निकाल मीटरच्या आकड्यावर. त्याच जोडणीला ठरावीक वर्षांत एकदाच सूट दिली की निष्काळजीपणाचाही प्रश्न मिटतो. शिवाय मूळ दर तर भरायचाच आहे. आठ हजार लिटरची किंमत आणि वर प्लंबरचा खर्च भरून मुद्दाम पाइप गळू देणारा माणूस मला अजून भेटायचाय.

जगात हे कुणी केलेलंच नाही असंही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मीटर असलेल्या घराचा जमिनीखालचा पाइप गळला आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्त केला, तर पाणी कंपन्या पहिल्या वेळी सहसा जादा बिलात सूट देतात. न्यूयॉर्क शहराची गळतीमाफीची योजना आहे, तिथेही दुरुस्तीचा पुरावा दिला की ठरावीक अटींवर जादा आकाराचा काही भाग सोडतात. टोकियोत जमिनीखालच्या, नजरेला न दिसणाऱ्या गळतीची दुरुस्ती अधिकृत कारागिराकडून केली तर बिल कमी होतं. टोकियोतली गळती १९५० च्या दशकात २० टक्क्यांच्या आसपास होती, आज ती ३-४ टक्क्यांच्या घरात आहे. हे एकट्या बिलाच्या सुटीनं झालं असं मी म्हणत नाही, त्यामागे पाइप बदलण्याची अनेक दशकांची मेहनत आहे. पण ते शहर ग्राहकाला गुन्हेगार समजून तिथवर पोचलेलं नाही.

मग मागायचं काय

मागणी पाच ओळींत बसते.

एक: गळती दुरुस्त झाल्याचं पुढच्या वाचनात दिसलं, तर गळतीच्या काळातल्या जादा पाण्याला दुप्पट-तिप्पट-चौपट टप्पे लावू नयेत, मूळ दरच लावावा. ‘जादा’ म्हणजे मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या वर जे असेल ते.

दोन: पाणी मलवाहिनीत गेलेलं नसेल तर त्या जादा पाण्यावरचा मलनिस्सारण आकार पूर्ण माफ करावा.

तीन: अर्ज जोडणी कुणाच्याही नावावर असली तरी बिल भरणाऱ्या रहिवाशांना करता यावा.

चार: वापर अचानक वाढला की बिलाची वाट न बघता फोनवर सूचना यावी.

पाच: या सेवेचा समावेश महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालच्या सेवांमध्ये करावा. म्हणजे निकालाला मुदत लागेल, नकाराचं कारण लेखी द्यावं लागेल, अपील करता येईल, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल.

आपल्या उदाहरणातल्या इमारतीला हे लावून बघा. ८,००० जादा लिटरचे मूळ दरानं रोजचे ४८ रुपये, ९० दिवसांचे ४,३२०. साडेसोळा हजारांच्या जागी एवढंच जादा बिल. महापालिकेला पाण्याची किंमत मिळाली, शहराचं रोजचं ८,००० लिटर पाणी वाचलं आणि पुढच्या वेळी पाइप फुटला तर ती इमारत दुरुस्ती लांबणीवर टाकणार नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करा. पाणी सुरू असताना, टाकी भरल्यावर, महिन्यातून एकदा मीटरचा फोटो काढा. फोनमध्ये तारीख आपोआप नोंदली जाते. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा पाइप, उखडलेली फरशी, प्लंबरची पावती, सगळ्याचे फोटो ठेवा. जादा बिल आलं तर ते मुकाट्यानं वाटून भरू नका. आधीच्या आणि नंतरच्या वाचनांसह वॉर्डाच्या जलकामे विभागाच्या सहायक अभियंत्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि सूट नाकारली तर कुठल्या नियमानं नाकारली ते लेखी मागा. पुढच्या वेळी मत मागायला चाळीच्या जिन्यात जो कुणी येईल, त्याच्यापुढे ती पोच धरा. नवीन धरण कधी आणताय हे विचारण्याआधी, बुजवलेल्या गळतीचं बिल कधी कमी करताय ते विचारा.